खिडकीवरचा शिपाई

माझे मामा नेवासे तालुक्यात शेती करतात. घोडेगावच्या बाजारात कांदा घालून घरी आले की हातपाय धुवायचे आणि मोबाइल घेऊन ओट्यावर बसायचे, हा त्यांचा नेम. एका संध्याकाळी त्यांचा फोन आला. अनोळखी नंबरवरून एक फोटो आला होता. खाली लिहिले होते, ‘उद्याचे भाव.’

"उघडू का रे?" मामांनी विचारले. "नुसता फोटोच तर आहे. त्यानं फोनचं काय बिघडणार?"

"सहसा काही नाही," मी म्हणालो.

"सहसा म्हणजे काय?"

त्या ‘सहसा’चे उत्तर फोनवर दोन मिनिटांत देता आले नाही. ते आज आपल्यापुढे मांडतो.

फोटो म्हणजे आकड्यांची एक लांबलचक रांग. ती वाचून पडद्यावर चित्र रंगवण्याचे काम एक प्रोग्रॅम करतो. प्रोग्रॅम माणसाने लिहिलेला असतो, तेव्हा त्यात चूक राहू शकते. कोणी ती चूक हेरली, तर तो आकड्यांची रांग अशी मुद्दाम रचतो की ती वाचता वाचता प्रोग्रॅमचे भान सुटते आणि चित्र काढायचे सोडून तो फाइल पाठवणाऱ्याचे हुकूम पाळू लागतो. ही नुसती कल्पना नाही. २०१५ साली अँड्रॉइड फोनमध्ये व्हिडिओ वाचणाऱ्या ‘स्टेजफ्राइट’ नावाच्या भागात अशाच चुका सापडल्या. नुसता एक संदेश पाठवून फोनमध्ये शिरकाव करता येईल, असे तेव्हा दिसून आले. सप्टेंबर २०२३ मध्ये ‘वेबपी’ या प्रकारची चित्रे वाचणाऱ्या भागात चूक निघाली आणि क्रोमसकट कितीतरी प्रोग्रॅम घाईघाईने दुरुस्त करावे लागले. व्हॉट्सअ‍ॅपवर आपण एकमेकांना पाठवतो ती स्टिकर याच वेबपी प्रकारची असतात.

चुका होणारच, हे एकदा मान्य केले की खरा प्रश्न पुढचा. प्रोग्रॅम परक्याच्या ताब्यात गेलाच, तर तो किती नुकसान करू शकेल?

नेवासे तालुक्यातच शनिशिंगणापूर आहे. तिथली घरे दाराविना म्हणून प्रसिद्ध आहेत. जुना डॉसवर चालणारा संगणक असाच होता. आत आलेला कोणताही प्रोग्रॅम कुठेही हात घालू शकत असे. गावात माणसे एकमेकांना ओळखतात. संगणकात मात्र फ्लॉपीवरून कोण येईल याचा नेम नव्हता. म्हणून पुढच्या संगणकांत आणि आजच्या फोनमध्ये व्यवस्था निराळी आहे. ती आपल्या तहसील कचेरीसारखी आहे, असे समजा.

तहसील कचेरीत जुन्या फेरफाराची नक्कल हवी असली तर आपण अभिलेख कक्षात शिरून दप्तर सोडत नाही. खिडकीवर अर्ज देतो. आतला कारकून दप्तर काढतो आणि नक्कल आपल्या हाती देतो. संगणकात ही आतली कचेरी म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, ज्याला कर्नेल म्हणतात. फाइल, पडदा, कॅमेरा, इंटरनेट, सगळ्यांच्या किल्ल्या त्याच्याकडे. प्रोग्रॅमला स्वतःला आकडेमोड सोडून जवळपास काहीच करता येत नाही. फाइल उघडायची असो की दूरच्या संगणकाशी बोलायचे असो, त्याला कर्नेलकडे अर्ज करावा लागतो. या अर्जाला ‘सिस्टीम कॉल’ म्हणतात आणि प्रत्येक प्रकारच्या अर्जाला क्रमांक असतो. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये असे तीनशेहून अधिक प्रकार आहेत. नेहमीच्या ६४ बिटी संगणकावर ‘वाच’ हा अर्ज शून्य क्रमांकाचा, ‘लिही’ हा १ क्रमांकाचा आणि ‘दुसरा प्रोग्रॅम सुरू कर’ हा ५९ क्रमांकाचा.

आता फोटो दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला यांतले किती अर्ज लागतात? आकडे वाचायला एक, चित्र पुढे द्यायला एक, थोडी स्मरणजागा मागायला एखादा, काम संपल्याचे सांगायला एक. इंटरनेटवर परक्याशी बोलायची त्याला गरज नाही, दुसरा प्रोग्रॅम सुरू करायचीही नाही. तरीही एरवी त्याला तीनशेही अर्ज करायची मुभा असते आणि भान सुटले की ती सगळी मुभा फोटो पाठवणाऱ्याच्या हातात जाते.

यावरचा उपाय म्हणजे खिडकीवर एक शिपाई बसवायचा. त्याच्या हातात चिठ्ठी असते: या माणसाकडून अमुक चार क्रमांकांचे अर्ज घ्यायचे, बाकीचे परत करायचे. यालाच सिस्टीम कॉलची गाळणी म्हणतात. सगळे अर्ज एकाच खिडकीने आत जातात, त्यामुळे शिपाई तिथेच बसवला की पुरते. अर्ज कारकुनाकडे जाण्याआधी चिठ्ठी पाहिली जाते. नकार असेल तर अर्ज परत करायचा किंवा प्रोग्रॅम तिथल्या तिथे बंद करायचा.

या व्यवस्थेतली सर्वांत सुंदर गोष्ट म्हणजे ही चिठ्ठी सहसा प्रोग्रॅम स्वतःच लिहून देतो. परक्याची फाइल हातात घेण्याआधी, भान शाबूत असताना, तो सांगतो, ‘यापुढे मला एवढेच अर्ज करू द्या.’ एकदा दिलेली चिठ्ठी परत घेता येत नाही. आणखी एखादा क्रमांक खोडता येतो, पण खोडलेला पुन्हा लिहिता येत नाही. त्याने पुढे जे प्रोग्रॅम सुरू केले, त्यांनाही तीच चिठ्ठी लागू. ओपनबीएसडी नावाच्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये अशा व्यवस्थेला ‘प्लेज’, म्हणजे शपथ, असेच नाव आहे. ती २०१६ साली आलेल्या ५.९ आवृत्तीत रुजू झाली.

ऐकायला सोपा वाटणारा हा शिपाई प्रत्यक्ष खिडकीवर बसायला बरीच वर्षे लागली. १९९६ साली अमेरिकेत बर्कली विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘जॅनस’ हा प्रयोग केला. इंटरनेटवरून आलेली कागदपत्रे उघडणाऱ्या प्रोग्रॅमवर त्यांनी असा पहारा ठेवला. लिनक्सच्या कर्नेलमध्ये ही सोय २००५ साली अँड्रिया आर्कांजेली यांनी घातली. तिचे नाव सेकॉम्प. आपला रिकामा संगणक परक्याला आकडेमोडीसाठी भाड्याने देता यावा, हा त्यांचा हेतू होता. त्या शिपायाला चारच अर्ज ठाऊक होते: वाचणे, लिहिणे, एका ठरावीक निरोपानंतर कामावर परतणे आणि काम संपवणे. बाकी कशालाही हात लावला की प्रोग्रॅम बंद. शिपाई चोख, पण इतका कडक की नेहमीच्या प्रोग्रॅमला त्याच्याबरोबर काम करणे कठीण.

प्रत्येक प्रोग्रॅमला आपापली चिठ्ठी लिहिता येण्याची सोय विल ड्रूरी यांच्या कामातून २०१२ साली लिनक्सच्या ३.५ आवृत्तीत आली. चिठ्ठी लिहायला त्यांनी नवी भाषा काढली नाही. नेटवर्कवरून येणारी माहिती चाळण्यासाठी बर्कलीच्याच प्रयोगशाळेतल्या मॅकेन आणि जेकबसन यांनी १९९३ साली मांडलेली एक छोटी भाषा होती, तीच घेतली. तिच्यात नियमांवरून फक्त पुढे उडी मारता येते, मागे फिरता येत नाही. त्यामुळे चिठ्ठी वाचता वाचता शिपाई गोल गोल फिरत राहील, ही भीतीच नाही. कर्नेल चिठ्ठी तपासूनच घेतो.

पण खरी मेख पुढेच आहे. अर्जावर क्रमांक असतो, तसा काही मजकूरही असतो. कित्येकदा अर्जावर एवढेच लिहिलेले असते, ‘फाइलचे नाव माझ्या पिशवीतल्या कागदावर आहे.’ शिपायाने पिशवी उघडून कागद वाचला आणि ठीक आहे म्हटले, पण कारकून वाचायला येईपर्यंत अर्जदाराने कागद बदलला तर? २००७ साली रॉबर्ट वॉटसन यांनी त्या काळच्या अशा अनेक पहाऱ्यांना याच युक्तीने चकवून दाखवले. म्हणून सेकॉम्पचा शिपाई पिशवीत डोकावतच नाही. अर्जाच्या दर्शनी भागावरचा क्रमांक आणि आकडे एवढेच तो पाहतो. कोणती फाइल उघडायची आणि कोणती नाही, याचा निवाडा आतल्या दुसऱ्या पहाऱ्यावर सोपवावा लागतो. थोडेच पाहायचे, पण जे पाहिले त्यात फसायचे नाही, हा त्यामागचा विचार.

दुसरी मेख क्रमांकांचीच. ६४ बिटी खिडकीवर ११ क्रमांकाचा अर्ज म्हणजे घेतलेली स्मरणजागा परत करणे, अगदी निरुपद्रवी. जुन्या ३२ बिटी खिडकीवर मात्र ११ म्हणजेच दुसरा प्रोग्रॅम सुरू करणे. कचेरीला दोन्ही खिडक्या असतील, तर अर्ज कोणत्या खिडकीवर आला हे शिपायाने आधी पाहिले पाहिजे. हे विसरून लिहिलेली चिठ्ठी म्हणजे पुढच्या दाराला कडी आणि मागचे दार उघडे.

तिसरी मेख अशी की, नकार देणेही धोक्याचे ठरू शकते. २००० साली लिनक्सच्या कर्नेलमधल्या एका चुकीमुळे एक विचित्र प्रकार उघड झाला. सेंडमेल हा टपाल पोचवणारा प्रोग्रॅम मोठ्या अधिकाराने सुरू होई आणि मग आपणहून अर्ज करी, ‘आता माझे अधिकार काढून घ्या.’ घुसखोराला त्या अर्जातच आधी खोडा घालून ठेवता येत होता. सेंडमेल उत्तर तपासत नसे. अधिकार गेले असे समजून तो सगळ्या अधिकारांनिशी पुढची कामे करीत राही. म्हणजे एका चांगल्या अर्जाला आडकाठी केली आणि त्यातूनच भोक पडले. यावरून घेतलेला धडा सेकॉम्पमध्ये आहे. साध्या प्रोग्रॅमला चिठ्ठी लावायची असेल, तर ‘मला किंवा मी सुरू करीन त्याला यापुढे वाढीव अधिकार नकोत’ असे आधी लिहून द्यावे लागते.

आणखी एक रोजची अडचण म्हणजे कचेरीत नवे नमुने येत राहतात. २०२१ साली लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीने, म्हणजे बहुतेक प्रोग्रॅम ज्या सामाईक भागावर उभे असतात त्याने, एक नवा अर्ज वापरायला सुरुवात केली. डॉकर या प्रणालीच्या जुन्या चिठ्ठ्यांमध्ये तो नव्हता. ‘असा नमुना आमच्याकडे नाही’ असे उत्तर मिळाले असते, तर लायब्ररीने जुना अर्ज पुढे केला असता. पण उत्तर मिळाले, ‘तुला परवानगी नाही.’ चांगले चाललेले प्रोग्रॅम अडून बसले. नकार कोणत्या शब्दांत द्यायचा, यालाही महत्त्व असते.

शिवाय शिपायाने रांग तुंबवता कामा नये. गर्दीच्या वेळी प्रोग्रॅम सेकंदाला हजारो अर्ज करतो. म्हणून ज्या क्रमांकांना नेहमीच होकार असतो, त्यांची नोंद आधीच करून ठेवण्याची सोय २०२१ साली लिनक्सच्या ५.११ आवृत्तीत झाली.

आता पुन्हा मामांच्या फोनकडे येऊ. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचाच कर्नेल आहे. स्टेजफ्राइटच्या अनुभवानंतर २०१६ सालच्या अँड्रॉइड ७ मध्ये व्हिडिओ आणि आवाज वाचणाऱ्या भागाचे तुकडे करून त्यांना वेगवेगळे ठेवले गेले आणि पहारा कडक झाला. २०१७ सालच्या अँड्रॉइड ८ पासून प्रत्येक अ‍ॅपच्या खिडकीवर शिपाई बसला. त्या वेळी ६४ बिटी फोनवर २७१ पैकी १७ अर्ज बंद केले गेले, ३२ बिटी फोनवर ३६४ पैकी ७०. आकडे लहान वाटतील. पण सगळ्या अ‍ॅपसाठी एकच चिठ्ठी लिहायची, तर जो अर्ज कोणालाच लागत नाही तोच बंद करता येतो. आपले काम नेमके ठाऊक असलेला प्रोग्रॅम स्वतःसाठी याहून कितीतरी कडक चिठ्ठी लिहू शकतो. क्रोममध्ये वेबपाने वाचणारा भाग तेच करतो.

हे सगळे मी मामांना पुढच्या भेटीत सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मग आता काहीही उघडलं तरी चालेल म्हणतोस?"

नाही. शिपाई अर्जाचा क्रमांक पाहतो, अर्जदाराचे मन वाचत नाही. ‘तुमच्या गाडीचे चलान’, ‘किसान योजनेचे नवे अ‍ॅप’ असे सांगून व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल येते. ती एपीके प्रकारची असली, तर ते चित्र नसते, अख्खे अ‍ॅप असते. आपण ते बसवतो, मेसेज वाचायची परवानगी मागितली की ‘हो’ म्हणतो आणि बँकेचा ओटीपी परक्याच्या हाती जातो. यात एकही बंद अर्ज केलेला नसतो. प्रत्येक अर्जावर आपलीच सही असते. तिथे शिपाई काय अडवणार?

शिवाय शिपायाच्या पाठीमागे जो कारकून बसतो, त्याच्या कामातही चुका असतात. परवानगी असलेल्या अर्जांतूनच एखादी चूक गाठता आली, तर चिठ्ठी असून उपयोग नाही. म्हणून फोनचे अद्ययावतीकरण आले की ते करून घ्यायचे. गाळणी त्याची जागा घेत नाही. चूक झालीच तर ती घरभर पसरू नये, एवढेच तिचे काम. पण ते काम लहान नाही.

मामा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे त्या प्रोग्रॅमला जे कळतं ते आम्हाला कळलं पाहिजे. लागेल तेवढंच मागायचं आणि मागेल त्याला सगळं द्यायचं नाही."

मग त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला. "बघ बरं, या टॉर्चच्या अ‍ॅपला माझे मेसेज कशाला लागतात?"

आम्ही दोघांनी मिळून ती परवानगी काढून टाकली. टॉर्च पहिल्यासारखाच लागत होता.