पंचमहाभूतें पत्त्यांच्या डावांत

उन्हाळ्याची सुटी लागली कीं आमच्या अमरावतीच्या घरीं अकोल्याहून धाकट्या बंधूंचीं नातवंडें येतात. बाहेर पारा ४५ अंशांकडे चढूं लागला म्हणजे माजघरांतल्या थंड फरशीवर मुलांचा डाव पडतो. पूर्वीं तेथें सोंगट्या, कवड्या आणि बदामसातीचे पत्ते असत. अलीकडे त्यांच्या जागीं विचित्र प्राण्यांचीं रंगीत चित्रें असलेले पोकेमॉनचे पत्ते आले आहेत. यंदा ह्या पत्त्यांवरून घरांत एक लहानसें भांडण झालें, आणि त्यापायीं तो खेळ मुळापासून समजून घेणें आम्हांस भाग पडलें. जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों. कारण हे पत्ते आज पुष्कळ घरांत शिरले आहेत, आणि वडील मंडळींचें त्यांविषयींचें ज्ञान बहुधा 'पैशाचा चुराडा' ह्या दोन शब्दांपलीकडे जात नाहीं.

भांडण असें: अकोल्याच्या तेरा वर्षांच्या थोरल्यानें आमच्या आठ वर्षांच्या धाकट्याला सोनेरी झळाळीचा, अग्निजातीचा एक पत्ता दिला आणि त्याच्याकडून साधे दिसणारे तीन जलजातीचे पत्ते घेतले. धाकटा हरखून गेला. पण पुढचे पांचही डाव तो हरला. आणि दर वेळीं त्याला पाडणारा पत्ता त्यानेंच देऊन टाकलेल्यांपैकीं एक निघाला. रडारड झाली. "मी मोठ्या आकड्याचा पत्ता दिला, यांत फसवलं कुठं?" हें थोरल्याचें म्हणणें. सूनबाईंनीं सगळे पत्ते रद्दीवाल्यास देण्याचा निकाल दिला. आम्हीं एका दिवसाची मुदत मागून घेतली आणि दोन्ही मुलांना गुरु करून शिकावयास बसलों.

हा खेळ मूळ जपानचा. १९९६ च्या फेब्रुवारींत सातोशी ताजिरी ह्यांच्या कल्पनेंतून पोकेमॉनचा यंत्रावरील खेळ निघाला. लहानपणीं त्यांना किडे गोळा करण्याचा छंद होता, त्यांतून ही कल्पना त्यांना सुचली. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत पत्ते निघाले आणि १९९९ त ते इंग्रजींत आले. प्रत्येक खेळाडूचा संच ६० पत्त्यांचा. त्यांत प्राण्यांचे पत्ते असतात, मदतीचे असतात, आणि मुलें ज्यांस 'एनर्जी' म्हणतात ते शक्तीचे असतात. शक्ति जोडल्यावांचून प्राण्याला वार करतां येत नाहीं, आणि आपल्या पाळीस हातांतला एकच शक्तीचा पत्ता जोडण्याची मुभा आहे. एवढा नियम ध्यानीं आला तरी अर्धा खेळ समजला.

उरलेला अर्धा जातींचा. आरंभीं जाती सात होत्या: वनस्पति, अग्नि, जल, वीज, मन, मल्ल आणि निर्वर्ण. २००० सालीं अंधार व धातु ह्यांची भर पडली. २०१२ त ड्रॅगन आला, २०१३ त परी आली आणि २०२० पासूनच्या नव्या पत्त्यांतून ती पुन्हां गेली. बहुतेक प्राण्यांच्या पत्त्यावर पायथ्याशीं बारीक अक्षरांत त्यांचें दौर्बल्य छापलेलें असतें. ज्या जातीपुढें दौर्बल्य, तिचा घाव दुप्पट बसतो. कांहींवर प्रतिकारही छापलेला असतो. त्या जातीच्या घावांतून आजच्या पत्त्यांत ३० वजा होतात.

हें चक्र वऱ्हाडच्या मुलाला समजावून सांगावें लागत नाहीं. जिनाच्या आवारांत कापसाच्या गंजीला ठिणगी लागली तर काय होतें हें ज्यानें ऐकलें आहे, त्याला वनस्पति अग्नीपुढें दुबळी कां हें ठाऊकच असतें. अग्नि पाण्यापुढें दुबळा, धातु अग्नीपुढें, पाणी विजेपुढें. अडलें तें एके ठिकाणीं. पिकाचू हा विजेचा प्राणी मल्लापुढें दुबळा! अमरावतींत १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभें आहे, तेव्हां मल्लाचा हा मान पाहून धाकट्यास आनंद झाला, पण "पहिलवान विजेला कसा मारेल, आजोबा?" हा प्रश्न त्यानें विचारलाच. उत्तर असें कीं, यंत्रावरील खेळांत आज १८ जाती आहेत आणि पत्त्यांत १०; म्हणून अनेक जाती एकत्र कोंबाव्या लागल्या. जमीन आणि खडक ह्या जाती मल्लाच्या पोटांत घातल्या गेल्या. विजेला गिळणारी आहे ती जमीन. उंच इमारतीवरील तांब्याची तार काळ्या मातींत खोल कां पुरतात, हें मुलाला गच्चीवर नेऊन दाखविलें, तेव्हां शंका फिटली.

येथें आमच्या मनांत पंचमहाभूतांचा विचार आला. तैत्तिरीयोपनिषदांत भूतांचा जो क्रम सांगितला आहे, तो उत्पत्तीचा आहे: आकाशापासून वायु, वायूपासून अग्नि, अग्नीपासून जल, जलापासून पृथ्वी. म्हणजे जें पाणी आग विझवितें तें त्या क्रमानें अग्नीचेंच अपत्य. चिनी विचारांत काष्ठ, अग्नि, पृथ्वी, धातु आणि जल अशीं पांच तत्त्वें असून त्यांचीं चक्रें दोन आहेत. एकांत प्रत्येक तत्त्व पुढच्यास जन्म देतें, दुसऱ्यांत आवरतें. पाणी आग विझवितें, आग धातु वितळविते, धातु लाकूड तोडतो, लाकूड जमीन भेदतें, जमीन पाणी अडविते. पत्त्यांच्या खेळाचें साम्य ह्या दुसऱ्या चक्राशीं आहे. आपल्याकडे भूतांचें नातें मायलेकरांचें, तर ह्या डावांत तें जेत्या-जितांचें. पण त्यांतूनही एक गोष्ट निघते: चक्राला शिखर नसतें. सर्वांवर मात करील असा कोणीच नाहीं.

महाराष्ट्राला हा विचार पत्त्यांतही नवा नाहीं. सावंतवाडीच्या गोल, लाखेच्या दशावतारी गंजिफ्यांत दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येकाचे १२, असे १२० पत्ते असतात. राजा आणि प्रधान सर्वत्र वरचे. पण पांच रंगांत दश्शी मोठी आणि एक्का लहान, तर उरलेल्या पांचांत एक्का मोठा आणि दश्शी लहान. आकडा तोच, कोणत्या घरांत बसला आहे ह्यावर त्याची प्रतिष्ठा. मोठा आकडा म्हणजे मोठा पत्ता, हें थोरल्याचें समर्थन गंजिफ्याच्या डावांतही टिकलें नसतें.

आतां त्याच्या समर्थनाकडेच वळूं. ज्या चारिझार्डाची मुलांत इतकी महती, त्याचा १९९९ चा इंग्रजी पत्ता घ्या. प्राणबळ १२०, घाव १००. पण तो थेट उतरत नाहीं. दोन पायऱ्या चढून यावा लागतो, घावाला चार शक्ति लागतात आणि प्रत्येक घावामागें दोन टाकून द्याव्या लागतात. त्याच संचांतला ब्लास्टॉइज हा जलजातीचा कासव फार तर ६० चा घाव घालतो. अग्नीवर तो दुप्पट होऊन बरोबर १२० होतो, आणि ज्याची एवढी कीर्ति तो एका घावांत संपतो. उलट २०२१ पासूनच्या ड्रॅगनजातीस दौर्बल्यच छापलेलें नसतें; पण त्याला बहुधा दोन निरनिराळ्या जातींच्या शक्ति पुरवाव्या लागतात. निर्दोष दिसणाऱ्याचा खर्चही दुहेरी, हें घरसंसार करणाऱ्यांस निराळें सांगावयास नको.

थोरल्याला हें सर्व पाठ होतें. पायथ्याशीं छापलेला पाण्याचा थेंब त्यानें पाहिला होता. इंग्रजी अडखळत वाचणाऱ्या धाकट्यानें पाहिला नव्हता. पत्ता खोटा नव्हता, आकडा खोटा नव्हता. ठाऊक असलेली एक ओळ तेवढी सांगितली नव्हती. आम्हीं रागावलों नाहीं. संध्याकाळीं सर्वांदेखत थोरल्यास तो पत्ता वरपासून खालपर्यंत मोठ्यानें वाचावयास सांगितलें. शेवटच्या ओळीशीं येतांना त्याचा आवाज खालीं गेला.

मग धाकट्यास विचारलें, "आतां तुझें काय म्हणणें?" त्यानें पत्ता पुन्हां न्याहाळला आणि म्हणाला, "मला हाच पाहिजे. पण मी तीन नसते दिले, एकच दिला असता." थोरल्यानें कांहीं न बोलतां दोन पत्ते त्याच्यापुढें ठेवले.

पत्ते रद्दींत गेले नाहींत. घरांत एक नियम मात्र झाला आहे: अदलाबदल करावयाची तर देणाऱ्यानें आपल्या पत्त्याची खालची ओळ घेणाऱ्यास मोठ्यानें वाचून दाखवावी. अकोल्यास परत जातांना बडनेऱ्याच्या फलाटावर दोघांची शेवटची देवघेव झाली, तेव्हां तो नियम कोणी आठवण न देतां पाळला गेला, हें आम्हीं स्वतः ऐकलें.