‘इतके टक्के बंदुका सीमेपलीकडून!’ पण कशाचे टक्के?

मागच्या दिवाळीत आमच्या जळगाव जामोदच्या मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक रील आली. सातपुड्याचे फोटो, धडधड वाजणारं म्युझिक आणि लाल अक्षरात एक मोठ्ठा टक्का. महाराष्ट्रात सापडणारे ‘इतके टक्के’ गावठी कट्टे म्हणे आपल्या डोक्यावरच्या डोंगरातून येतात. तो आकडा इथे मुद्दाम लिहीत नाही. लिहिला तर तोही फॉरवर्ड होईल!

मी तेव्हा तेच केलं. रील आणखी तीन ग्रुपवर टाकली.

आमच्या ग्रुपमध्ये डोंगरातल्या एका आदिवासी गावचा मित्र आहे. रीलखाली कुणीतरी त्याला विचारलं, “काय रे, तुमच्या गावाले काय भाव चालू आहे?” खाली हसणाऱ्या इमोजींची रांग लागली. रात्री तो ग्रुप सोडून गेला. मी फोन केला तर म्हणाला, “पुण्यात खोली पाहाले गेलो, त मालकानं आधारवरचा पत्ता वाचून इचारलं, तिकडंच कट्टे बनतात ना? तो तरी परका होता. आता तुमीबी तेच म्हनता.”

त्यानंतर मी तो टक्का कुठून आला ते शोधायला बसलो. मूळ सापडलं नाही, पण असे आकडे कसे तयार होतात ते कळलं. तेच आज सांगतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू

कट्ट्यांची तस्करी खोटी नाही. आपल्या उत्तरेला सातपुडा ओलांडला की मध्य प्रदेशातला बुऱ्हाणपूर जिल्हा लागतो. तिथलं पाचोरी आणि चोपडा तालुक्याला लागून असलेलं बडवानी जिल्ह्यातलं उमर्टी, ही दोन नावं पोलिसांच्या कारवायांमध्ये वर्षानुवर्षं येतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये तर पुणे पोलिसांचं पथक थेट उमर्टीत जाऊन धडकलं. प्रश्न खराच आहे. पण प्रश्न खरा असला म्हणून त्यावरचा प्रत्येक आकडा खरा ठरत नाही.

मेक्सिकोचे ‘९० टक्के’

या प्रकारचं जगात सगळ्यात गाजलेलं उदाहरण मेक्सिकोचं. २००९ च्या सुमारास अमेरिकेतले नेते आणि चॅनेल्स सांगत होते, की मेक्सिकोत पकडलेल्या ९० टक्के बंदुका अमेरिकेतून येतात. त्याच वर्षी जीएओ या अमेरिकी संसदेसाठी सरकारी कामाची तपासणी करणाऱ्या संस्थेचा अहवाल आला. त्यातले २००८ चे आकडे साधारण असे:

- मेक्सिकोत जप्त झालेल्या बंदुका: ३०,०००
- माग काढायला अमेरिकेकडे माहिती पाठवलेल्या: ७,२००
- त्यातल्या माग लागलेल्या: ४,०००
- त्यातल्या अमेरिकेतून आलेल्या: ३,४८०

आता मोबाइलचा कॅल्क्युलेटर उघडा. ३,४८० भागिले ४,००० म्हणजे ८७ टक्के. हेच बोलता बोलता ‘९० टक्के’ झालं. पण हे ‘माग लागलेल्या’ बंदुकांचे टक्के होते, ‘पकडलेल्या’ बंदुकांचे नाही. मधले शब्द गळाले आणि आकडा तेवढा उरला.

पुढची गंमत बघा. विरोधी बाजूच्यांनी ३,४८० ला ३०,००० ने भागलं आणि ओरडा केला, “अरे, फक्त १२ टक्के!” तेही चूकच. कारण उरलेल्या बंदुका अमेरिकेच्या नव्हत्या असं कुणी सिद्ध केलं नव्हतं. त्यांचा माग लागलेलाच नव्हता. म्हणजे ‘माहीत नाही’ या खान्याला एका बाजूनं सोयीस्कर ‘हो’ धरलं, दुसऱ्या बाजूनं ‘नाही’. टक्केवारीचा निम्मा खेळ भागाकारात खाली कोणती संख्या ठेवली, त्यावर चालतो.

कट्ट्याला तर नंबरच नसतो

कारखान्यात बनलेल्या बंदुकीवर सिरीयल नंबर असतो. त्यावरून कंपनी, मग घाऊक विक्रेता, मग दुकानदार, मग पहिला ग्राहक असा माग काढता येतो. फोनच्या आयएमईआय नंबरसारखंच समजा.

गावठी कट्ट्यावर असा नोंदलेला नंबर नसतो. मग तो ‘अमुक गावचा’ हे कळतं कसं? बऱ्याचदा पकडलेला माणूस पोलिसांना सांगतो म्हणून. तपासाला धागा म्हणून ते उपयोगी असतं. पण पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. जुन्या एव्हिडन्स ॲक्टच्या कलम २५ मध्ये हेच होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. कोर्ट जे नुसत्या शब्दावर धरत नाही, ते आपण रीलवर टक्के करून फिरवतो.

सरकारी आकडा काय सांगतो?

एनसीआरबी, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, दरवर्षीच्या ‘क्राइम इन इंडिया’ अहवालात राज्यवार जप्त शस्त्रांचे तक्ते देतो. पण ते वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या.

एक, जप्ती मोजली म्हणजे तस्करी मोजली असं होत नाही. पोलिसांनी मोहीम काढली की जप्ती वाढते. नाकाबंदी ढिली पडली की आकडा खाली येतो, तेव्हा कट्टे कदाचित जास्तही फिरत असतील. शिवाय एखाद्या राज्याचा आकडा शस्त्र तिथे सापडलं एवढंच सांगतो. ते कुठून आलं, हे नाही.

दोन, एकाच एफआयआरमध्ये अनेक गुन्हे असतील तर एनसीआरबी त्यातला सगळ्यात गंभीर गुन्हा मोजते. कट्ट्यानं खून झाला तर नोंद खुनाखाली जाते, शस्त्र कायद्याखाली वेगळी मोजली जात नाही. म्हणून ‘शस्त्र कायद्याचे गुन्हे घटले’ अशी हेडलाइन दिसली तरी लगेच हुरळून जाऊ नका.

पुढची रील आली की एवढं करा

१. कशाचे टक्के? पकडलेल्यांचे, तपासलेल्यांचे, की माग लागलेल्यांचे? लिहिलं नसेल तर तिथेच थांबा.

२. कुणी मोजलं, कोणत्या वर्षी? ‘सूत्रांनुसार’ म्हणजे उत्तर नाही. अहवालाचं नाव असेल तर मूळ पीडीएफ उघडा आणि तक्त्याखालची बारीक टीप वाचा.

३. कुठलं गाव? जळगाव वेगळं, जळगाव जामोद वेगळं. पाचोरी वेगळं, पाचोरा वेगळं. मी बघितलेल्या रीलमधला एक फोटो गूगल लेन्सवर टाकला, तर तो भलत्याच जिल्ह्यातल्या जुन्या बातमीतला निघाला.

४. दोन बाण आहेत का? मेसेजवर दुहेरी बाण दिसला तर तो बरेच हात फिरून आलाय. असा मेसेज व्हॉट्सॲप एका वेळी एकाच चॅटला पुढे पाठवू देतं. ती अडवणूक तुमच्या भल्यासाठीच आहे.

मी तिन्ही ग्रुपवर लिहिलं, “मी टाकलेल्या आकड्याला आधार नाही. चूक माझी.” माझा मेसेज मी डिलीटही केला, पण पुढे गेलेल्या रील काही परत येत नाहीत. मित्र अजून ग्रुपवर आलेला नाही. फोन मात्र उचलतो. परवा म्हणाला, “खोली भेटली. यावेळी मालकानं पत्त्याचं काही इचारलं नाही.”