आजोबांची कानटोपी धुताना

थंडी पडू लागली की तेरच्या आमच्या दवाखान्यात सकाळी येणारे बहुतेक ज्येष्ठ रुग्ण कानटोपी घालूनच येतात. काही वर्षांपूर्वी असेच एक आजोबा कपाळाच्या कडेला आणि कानांमागे सुटणाऱ्या खाजेसाठी आले. मी मलम दिले. पंधरा दिवसांनी ते पुन्हा आले, तेव्हा मलम बदलून दिले. दोन्ही वेळा टोपी वर सरकवून मी त्वचा पाहिली होती. टोपीकडे मात्र पाहिले नव्हते. तिसऱ्या खेपेस ती हातात घेतली आणि उलगडा झाला. तेल, घाम आणि कोंडा यांनी तिची आतली कड ताठ झाली होती.

“आजोबा, ही धुवत का नाही?”

“डॉक्टरसाहेब, अशीच दुसरी होती. ती कढत पाण्यात धुतली अन् बाहुलीच्या डोक्याएवढी झाली. दोन्ही आमच्या मंडळींनी विणलेल्या. त्या आता नाहीत. ही एकच उरली, म्हणून कुणाच्या हाती देत नाही.”

शेजारी उभी असलेली सूनबाई मान खाली घालून ऐकत होती. तिचा दोष एवढाच, की लोकर कशी धुवावी हे तिला कुणी सांगितले नव्हते.

लोकर का आटते?

लोकर म्हणजे मेंढीचा केस. त्याच्या पृष्ठभागावर कौलांसारखे एकावर एक रचलेले सूक्ष्म खवले असतात. गरम पाणी, तीव्र साबण आणि चोळणे एकत्र आले की खवले एकमेकांत अडकतात, तंतू आवळले जातात आणि वस्त्र आटते. ते पुन्हा मूळ मापाचे होत नाही. क्लोरीनयुक्त ब्लीच तर लोकरीचे प्रथिनच विरघळवते.

धुण्याची रीत

हाताला जेमतेम कोमट लागेल एवढे पाणी घ्यावे. त्यात लोकरीसाठीचा सौम्य द्रव साबण किंवा रिठ्याचे गाळलेले पाणी मिसळावे. रिठ्याचा फेस डोळ्यांत जाऊ देऊ नये. टोपी उलटी करून पाच ते दहा मिनिटे बुडवून ठेवावी आणि तळव्याने हलके दाबावी. घासू नये, आपटू नये. नंतर तितक्याच कोमट पाण्यातून दोन-तीनदा काढावी. बोअरचे पाणी जड असेल तर साबणाचा अंश राहून खाज वाढते. तेव्हा एकदा अधिक काढावी.

टोपी पिळू नये. कोरड्या पंच्यात गुंडाळून दाबली की बरेच पाणी शोषले जाते. मग डोक्याच्या मापाच्या पालथ्या पातेल्यावर स्वच्छ फडके घालून त्यावर ती बसवावी आणि वारा खेळेल अशा सावलीत ठेवावी. दोरीवर टांगल्यास ओल्या लोकरीच्या भाराने ती लांबते.

लोकर आपल्या वजनाच्या सुमारे एक तृतीयांश ओलावा शोषूनही हाताला कोरडी भासते. म्हणून शिवणी व दुमडलेली कड चाचपून पाहावी. दमट टोपीने डोके गारठते आणि त्वचेवर बुरशीला वाव मिळतो. वाळायला दिवस-दीड दिवस लागू शकतो; तेवढ्यासाठी दुसरी टोपी हाताशी असावी.

काळजी घेणाऱ्यांसाठी

टोपीच्या आत मऊ सुती फडके किंवा पातळ सुती टोपी घालावी. ती रोज बदलता येते, त्यामुळे लोकर वारंवार धुवावी लागत नाही. प्राचीन काळी तगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या याच तेरहून सुती कापड भडोच बंदराकडे जात असल्याचा उल्लेख पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रंथात आहे. तेव्हा सुताचे महत्त्व तेरकरांना वेगळे सांगायला नको.

घरात खरूज झाली असेल तर टोपी उकळण्याची गरज नाही. प्लास्टिकच्या पिशवीत आठवडाभर घट्ट बंद ठेवावी. खरजेचे किडे त्वचेपासून दूर दोन-तीन दिवसांहून अधिक सहसा जगत नाहीत. मात्र घरातील सर्वांनी एकाच वेळी उपचार घ्यावेत.

बाजारातील अनेक ‘लोकरी’ टोप्या अ‍ॅक्रिलिकच्या असतात. त्या आटत नाहीत, पण ठिणगीने वितळून कातडीला चिकटतात. शेकोटीजवळ बसणाऱ्या वृद्धांच्या डोक्यावर त्या नसाव्यात. उन्हाळ्यात टोपी ठेवताना ती पूर्ण वाळलेली असावी. डांबरगोळ्या वापरल्यास लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत आणि पुन्हा वापरण्यापूर्वी टोपीला चांगला वारा द्यावा.

महिन्याभराने ते आजोबा आले. टोपी सूनबाईंनीच धुतली होती. आजोबा पातेल्याशेजारी पाट टाकून बसून होते म्हणे. टोपी तशीच मऊ, तशीच मोठी होती. मलम तेच होते, पण या वेळी त्याचा गुण आला होता. टोपी स्वच्छ असूनही पुरळ दोन आठवड्यांत कमी होत नसेल, जखम किंवा स्राव असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. जाताना टोपीही सोबत न्यावी.