एक जूनची माणसे

उभी हयात सरकारी कचेरीत बारनिशी सांभाळून ज्याच्या हाताला नोंदींचेच वळण पडले, अशा माणसाने सेवानिवृत्तीनंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात मोबाइलचे ॲप लिहावयास बसावे, हे घरच्यांना हास्यास्पद वाटले असल्यास नवल नाही. निमित्त मात्र हसण्याजोगे नव्हते. आमचे कूळ पारनेर तालुक्यातले, आणि त्या तालुक्यातील बहुतेक कुळांप्रमाणे अर्धे गावी व अर्धे मुंबईस असे विभागलेले. एका चुलत्यांच्या निधनाची वार्ता मला दहाव्याच्या आदल्या दिवशी एका तिऱ्हाइताकडून कळली, आणि आपण त्यांच्याशी अखेरचे केव्हा बोललो याचा हिशोब करू गेलो तेव्हा तो महिन्यांत न निघता वर्षांत निघाला. प्रत्येक आप्ताची एक नोंद, अखेरच्या बोलण्याची तारीख, आणि फार दिवस लोटले की फोनने करून द्यावयाची आठवण, एवढेच त्या ॲपचे प्रयोजन.

सावेडीतील माझ्या खोलीत, अभियांत्रिकी शिकणारा भाचा शेजारी बसवून, काम सुरू झाले. अँड्रॉइड स्टुडिओच्या पडद्यावरील लिपी मला अगम्य होती. पण त्याने तक्ता आखावयास घेताच मी सावरून बसलो, कारण लग्नाच्या मांडवात एका कोपऱ्यात बसून लिहिली जाणारी, पुढे वीस वर्षे जपली जाणारी आणि परत आहेर करताना हटकून उघडली जाणारी आहेराची वही मी अनेकदा लिहिलेली आहे, आणि हा तक्ता तिचाच वंशज होता. त्याने 'अंकल' असा एकच प्रकार योजला होता, त्यास मी हरकत घेतली. आमच्याकडे आत्याच्या यजमानांना मामा म्हणतात आणि मावशीच्या यजमानांना काका. तेव्हा नात्याचा रकाना वेगळा आणि हाकेचा वेगळा, अशी तडजोड झाली. नावे अकारविल्हे लावू गेलो तो काळे हे कासारांच्या आधी येऊन बसले. शाळेत आम्ही ळ शिकलो तो ह नंतर. संगणकाच्या युनिकोड कोष्टकात त्याचे स्थान ल च्या लगोलग आहे. तसेच राहू दिले.

खरी फजिती पुढेच होती. जन्मतारखा मी शाळेच्या दाखल्यांवरून उतरवून घेतल्या, आणि त्यांत अकरा जण एक जूनचे निघाले. ज्याची जन्मतारीख घरच्यांना सांगता येत नाही त्या मुलाच्या नावापुढे, शाळा जूनमध्ये उघडते म्हणून, गुरुजींनी १ जून लिहून मोकळे व्हावे, हा महाराष्ट्रातील ग्रामीण शाळांचा जुना शिरस्ता. त्यामुळे एका पिढीचा वाढदिवस हा वस्तुतः गुरुजींच्या सोयीचा दिवस होय. १ जून उजाडला आणि फोन दिवसभर मूग गिळून बसला. पुढे १ जुलैच्या सकाळी, मी पोह्यांच्या बशीपाशी असताना, तो लागोपाठ अकरा वेळा वाजला.

भाच्याने तक्ता तपासला आणि हसू दाबीत म्हणाला, "मामा, चूक माझी. मी वापरला तो कॅलेंडर वर्ग जानेवारीला शून्य मानतो. तुमचा सहावा महिना त्याच्या लेखी जुलै झाला."

महिने शून्यापासून मोजणारे हे दप्तर माझ्या साहेबांनी एक दिवस चालू दिले नसते.

महिना दुरुस्त झाला. दाखल्यांतली तारीख खोटी ती खोटीच. म्हणून एकेकास फोन करून जन्म केव्हाचा हे विचारू लागलो. थोरल्या आत्या शाळेत गेलेल्या नाहीत, त्या म्हणाल्या, "गांधीबाबा गेले त्या साली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी." पोळा श्रावणी अमावास्येचा, आणि चांद्र वर्ष सौर वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी तोकडे, ती तूट अधिक मास भरून काढतो. त्यामुळे अधिक श्रावणाच्या २०२३ साली पोळा १४ सप्टेंबरला आला, २०२४ साली २ सप्टेंबरला, २०२५ साली २२ ऑगस्टला. हे गणित फोनला शिकविणे आम्हा दोघांच्याही आवाक्याबाहेरचे. दरवर्षी दाते पंचांग पाहून ती तारीख मी हाताने भरतो. आत्यांशी ते बोलणे मात्र तासभर चालले, आणि आजीच्या बाळंतपणाची हकीकत मी वयाच्या साठीत प्रथम ऐकली.

ॲपने शुभेच्छांचा तयार मजकूर आपोआप धाडावा, ही भाच्याची सूचना मी साफ नाकारली. या शहराचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले. ते अहमदनगर होते तेव्हा, १९४२ च्या ऑगस्टपासून येथील भुईकोट किल्ल्यात स्थानबद्ध असता, मौलाना आझादांनी आपल्या एका स्नेह्यास पत्रे लिहिली आणि ती टपालात पडावयाची नाहीत हे जाणूनही लिहीत राहिले. 'गुबार-ए-खातिर' या नावाने ती १९४६ साली छापली गेली. किल्ल्यावरून जाताना मला ती पत्रे आठवतात, आणि कोणी न लिहिताच रवाना होणारा मजकूर पत्र या संज्ञेस पात्र नाही, हे माझे मत पक्के होते.

चहाला साखर किती, गुडघा कसा आहे, मुलगी कोठे दिली, यांसाठी मागाहून एक शेऱ्याचा रकाना जोडला आहे. निम्म्याहून अधिक नोंदींत तो आजही कोरा आहे.