व्हेटरिनरीचा फॉर्म वेगळा असतो!

आजचा भाग बारावी बायोवाल्यांसाठी आणि त्यांच्या आईबाबांसाठी. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हे लेखी रूप. बोलीत बोलले होते, तसंच बरंचसं ठेवलंय.

मी जनावरांची डॉक्टर आहे. त्यामुळे दरवर्षी 'नीट'चा निकाल लागला की फोनवर एक ठरावीक मेसेज येतो. "ताई, मी सीईटी सेलचा फॉर्म भरलाय. एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस सगळं दिसतंय. पण व्हेटरिनरी कुठेच दिसत नाही. कुठे क्लिक करायचं?"

उत्तर असं आहे की तिथे क्लिक करायला काहीच नाही. व्हेटरिनरीचं दारच वेगळं आहे. आणि हे कळेपर्यंत काही वेळा फॉर्मची तारीख गेलेली असते. मार्क असतात, इच्छा असते, पण वर्ष जातं. म्हणून आज सगळं पहिल्यापासून सांगते.

एक परीक्षा, दोन फॉर्म

पदवीचं नाव बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. म्हणजे जनावरांवरचे उपचार आणि पशुसंवर्धन, दोन्ही. मुदत साडेपाच वर्षं: साडेचार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हवं. या चारही विषयांत मिळून खुल्या वर्गाला किमान ५० टक्के लागतात, राखीव वर्गांना थोडी सवलत आहे. लक्षात घ्या, इंग्रजीचे मार्कही धरतात. त्यामुळे "इंग्रजी काय, पास झालं की बास" हे इथे चालत नाही. मॅथ्स नसलं तरी चालतं. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षं पूर्ण व्हायला हवीत.

परीक्षा 'नीट'च, वेगळी नाही. ७२० मार्कांपैकी ३६० एकट्या बायोलॉजीचे. पेपर मराठीतही देता येतो, पण पुढे कॉलेजातलं शिक्षण इंग्रजीत आहे, ही तयारी मनात ठेवा.

निकालानंतर मात्र वाटा फुटतात.

पहिली वाट 'माफसू'ची. माफसू म्हणजे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ, मुख्यालय नागपूरला. राज्याच्या कोट्यातल्या जागा हे विद्यापीठ स्वतः भरतं. स्वतःची वेबसाइट, स्वतःचा फॉर्म, स्वतःची माहितीपुस्तिका, स्वतःच्या तारखा.

दुसरी वाट 'व्हीसीआय'ची, म्हणजे भारतीय पशुवैद्यक परिषदेची. देशभरातल्या कॉलेजांतल्या १५ टक्के जागा ऑल इंडिया कोट्यातून ही परिषद भरते. त्याची नोंदणी पुन्हा वेगळी. यातून दुसऱ्या राज्यातही जागा मिळू शकते.

दोन्ही फॉर्म भरा. एक भरला म्हणजे दुसरा आपोआप भरला जात नाही. निकालाच्या आधीपासूनच दोन्ही वेबसाइट आठवड्यातून दोनदा तरी उघडून बघा. व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी टाकेल, या भरवशावर राहू नका.

कागदपत्रांचंही तसंच. डोमिसाइल, नॉन-क्रिमी लेयर, ईडब्ल्यूएस आणि राखीव जागेसाठी जात पडताळणी. जात पडताळणीला वेळ लागतो. अकरावी-बारावीतच अर्ज टाकून मोकळे व्हा.

कॉलेज कुठे?

पुण्यात हे सरकारी कॉलेज नाही, हे ऐकून कोथरूड-हडपसरच्या पालकांचे चेहरे पडतात. पण पुण्याला सगळ्यात जवळचं कॉलेज खरंच जवळ आहे. साताऱ्याच्या रस्त्याने निघालात, नीरा नदी ओलांडलीत की शिरवळ. साधारण ५० किलोमीटर. तिथे १९८८ पासून क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. बाकीची जुनी कॉलेजं मुंबई, नागपूर, परभणी आणि उदगीरला. त्यातलं मुंबईचं सगळ्यात जुनं, १८८६ सालचं.

आता नवीन कॉलेजंही येताहेत. तिथे एकच प्रश्न विचारायचा: व्हीसीआयची मान्यता आहे का? कारण डॉक्टर म्हणून प्रॅक्टिस करायला परिषदेकडे नोंदणी लागते आणि मान्यता नसलेल्या पदवीवर ती होत नाही. "मान्यता येतेय, प्रोसेसमध्ये आहे" असं कुणी सांगितलं तर पैसे भरू नका. कोट्यातून सीट मिळवून देतो म्हणणाऱ्या एजंटालाही लांबूनच नमस्कार.

"किती मार्क लागतात?"

हा प्रश्नच मुळात चुकीचा आहे. मार्क नाही, रँक विचारा. २०२४ ला 'नीट'च्या सुधारित निकालात १७ जणांना ७२० पैकी ७२० होते. २०२५ ला पेपर अवघड निघाला आणि देशात पहिल्या आलेल्या मुलाला ६८६ मिळाले. मग २०२४ चा कटऑफ २०२५ ला लावून काय उपयोग? माफसूच्या आदल्या वर्षीच्या निवड याद्या बघा. आपल्या प्रवर्गात, त्या कॉलेजात शेवटचा प्रवेश कोणत्या रँकला झाला, ते शोधा. त्यावरून अंदाज येतो.

आणि पहिल्या फेरीत नाव आलं नाही म्हणून रडत बसू नका. यादीत वर असलेल्या बऱ्याच मुलांनी एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएसलाही अर्ज केलेला असतो. तिकडे सीट मिळाली की ते इथून निघतात आणि यादी खाली सरकते. नंतरच्या फेऱ्यांतही प्रवेश होतात. पण त्या फेरीला हजर असणाऱ्यालाच. प्रत्येक फेरीचे नियम पुस्तिकेत असतात. सीट घेतली तर काय, सोडली तर काय, ते आधी वाचा.

आता खरं बोलूया

फॉर्म कसा भरायचा ते झालं. तो भरायचा का, हे त्याहून महत्त्वाचं.

शहरातल्या बहुतेक मुलांना ही इच्छा कुत्र्या-मांजरांमुळे होते. त्यात वाईट काही नाही. पुण्यात पेट क्लिनिक वाढताहेत आणि चांगल्या डॉक्टरांची गरज आहे. पण कॉलेजात पहिल्या वर्षी ॲनाटॉमीला समोर येते ती गाय-म्हैस. तिच्या हाडा-स्नायूंवरून शिकायचं, मग घोडा, कुत्रा, कोंबडी यांचे फरक बघायचे. पुढे गाभण तपासणी येते. खांद्यापर्यंत ग्लोव्ह घालून गाईच्या गुदद्वारातून हात आत घालायचा आणि न बघता, फक्त स्पर्शाने गर्भाशय ओळखायचं. शेण अंगावर येतं, लाथही बसते. वार अडकलेली, दगडी झालेली, पोट फुगलेली जनावरं येतात. पशुपालन शिकताना गोठ्यातली कामं असतातच.

मुली विचारतात, "ताकद लागते ना?" लागते, पण वाटते तेवढी नाही. अडलेल्या म्हशीचं वासरू नुसतं ओढून निघत नाही. त्याचे पाय आणि मान आत हात घालून आधी सरळ करावे लागतात, मग दोर लावून, तिच्या कळेबरोबर ओढायचं असतं. हे कसब आहे आणि ते शिकता येतं.

रात्री अडीचला फोन येतो, "डॉक्टर, म्हैस अडलीय." ती लाखभराची म्हैस म्हणजे त्या घराचा रोजचा पगार असतो. तुम्ही जनावर वाचवता तेव्हा मुलांची फी आणि सोसायटीचा हप्ताही वाचवत असता. ज्याला हे ओझं नको, फक्त गोंडस पिल्लं हवीत, त्याने हे कॉलेज निवडण्याआधी चार दिवस एखाद्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात, परवानगी घेऊन, कोपऱ्यात उभं राहून बघावं.

आणि ज्यांना "एवढं शिकून ढोर डॉक्टर होणार?" असं घरी ऐकवलं जातं, त्यांच्यासाठी पुण्याच्या आजूबाजूला बघा. औंधला राज्याचं पशुसंवर्धन आयुक्तालय आणि जनावरांच्या लसी तयार करणारी सरकारी संस्था आहे. २०२२ ला लम्पी पसरला तेव्हा राज्यभर गाईंना शेळ्यांच्या देवीची लस टोचायला पशुवैद्यकच गोठ्यागोठ्यात फिरत होते. उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ ला 'बाएफ' सुरू केली आणि कृत्रिम रेतन शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेलं. १९६६ ला सुरू झालेल्या सीरम इन्स्टिट्यूटची सुरुवातही पूनावालांच्या घोड्यांच्या स्टड फार्मशी जोडलेली आहे, कारण धनुर्वाताचं सीरम घोड्यांच्या रक्तातून मिळायचं. कात्रजचं प्राणिसंग्रहालय, रेसकोर्सचे घोडे, पोल्ट्री कंपन्या, डेअऱ्या, सैन्यातली रिमाउंट अँड व्हेटरिनरी कोअर, आणि एमपीएससीतून पशुधन विकास अधिकारी. या सगळीकडे हीच पदवी लागते.

धोकेही सांगते. ब्रुसेलोसिस, रेबीज हे आजार जनावरांकडून माणसाला होतात. त्यामुळे ग्लोव्ह आणि स्वतःची लस यात आळस चालत नाही. आणि शेतकऱ्याकडे पैसे नसताना जनावर गमावण्याची वेळ येते, ते मनाला लागतं.

थोडक्यात सांगायचं तर, एमबीबीएस हुकलं म्हणून इथे आलात तरी चालेल. माझ्या ओळखीचे कितीतरी चांगले डॉक्टर तसेच आले आणि पहिलं बाळंतपण यशस्वी केल्यावर इथलेच झाले. पण आलात तर गाईसाठीही या, फक्त लॅब्राडॉरसाठी नको.

आज एवढंच करा: फोनच्या कॅलेंडरमध्ये दोन आठवणी लावा, एक माफसूची आणि एक व्हीसीआयची. कागदपत्रांबद्दल काही अडलं तर विचारा, पुढच्या भागात तुमचेच प्रश्न घेणार आहे. आणि हा भाग बारावीतल्या त्या एका मित्राला नक्की पाठवा, जो रस्त्यावरच्या प्रत्येक कुत्र्याजवळ थांबतो. भेटूया!