भट्टीतल्या कामाला काच किती एमएमची घ्यावी?

1908 साली तळेगाव दाभाडे इथं पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला, तो लोकांकडून एकेक पैसा गोळा करून. आपल्या गटाचा पैसाही असाच जमलेला असतो. तो चुकीच्या काचेत जाऊ नये म्हणून हे लिहिते.

काचेचे तुकडे एकावर एक ठेवून विजेच्या भट्टीत एकजीव करायचे, त्यातून पेंडंट, तबकड्या, नावाच्या पाट्या होतात. खरेदीला गेलं की आपण म्हणतो, "जाड द्या, मजबूत राहील." पाच एमएमची काच येते आणि माल बिघडतो.

का? साधारण 800 अंशांना काच काकवीसारखी होते. (जालन्याच्या भट्ट्यांत लोखंडाचं पाणी होतं, तेवढी उष्णता इथं लागत नाही.) तेलकट ताटावर पाणी सांडलं तर ते पातळ पसरत नाही, थेंब फुगीरच राहतो. काचेचं तसंच, मऊ झाली की ती सहा एमएमच्या आसपास जाडी धरते. म्हणून तीन एमएमचे दोन थर ठेवा, कापलेला आकार बराचसा टिकतो. एकच थर ठेवला तर कडा आत ओढल्या जातात, टोकं टोचतात. पाचचे दोन ठेवले तर जास्तीची काच बाजूला ओघळते. नुसतं वाटीसारखं वाकवायचं असेल तर एक थर चालतो, कारण तेव्हा उष्णता कमी देतात.

वीजबिलाचंही बघा. सहा एमएमची वस्तू 550 अंशांच्या आसपास तासभर ठेवून मग सावकाश गार करतात. जाडी दुप्पट झाली तर हा वेळ दुप्पट नाही, जवळपास चौपट होतो. घाई केली तर वस्तू आज चांगली दिसते आणि चार दिवसांनी गिऱ्हाईकाच्या घरी तडकते.

दुकानात जाडीवर शंका आली तर वजन करा. एक फूट बाय एक फूट तुकडा तीन एमएमचा असेल तर 700 ग्रॅमच्या जवळपास भरतो, चार एमएमचा 930. फोटोफ्रेमची काच बहुधा दोन एमएमची असते. तिचे तीन थर लावा. टफन काच मात्र फुकट मिळाली तरी घेऊ नका, कापायला गेलं की तिचा चुरा होतो.

पहिल्यांदा पूर्ण शीट नको. दुकानातले उरलेले तुकडे मागा, पण दोन्ही थर एकाच शीटचे आहेत ना, हे विचारून घ्या. दोन वेगळ्या काचा गार होताना कमीजास्त आकसतात आणि जोड फुटतो.