फिरतं लाकूड (लेखांक ४) : नुसतं परत येऊन भागत नाही

बूमरँग वळतं कसं, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. वरच्या पात्याला हवा जास्त जोरात लागते, उचल जास्त मिळते आणि गरगर फिरण्यामुळे त्या उचलीचं वळण होतं. फेलिक्स हेस या डच संशोधकानं हे गणित कसून तपासलं. बूमरँगला इवलासा दिवा बांधून तो अंधारात फेकायचा आणि कॅमेऱ्याची झडप उघडी ठेवून प्रकाशाची रेघ टिपायचा. त्याचा ग्रोनिंगेन विद्यापीठातला प्रबंध १९७५चा. पुढे हा गृहस्थ ध्वनिकलेकडे वळला, हे मला भारी आवडतं.

स्पर्धेत मात्र परत येण्याचं कुणाला कौतुक नाही. किती लांब जाऊन आलं, किती वेळ तरंगलं, किती झटपट हातात पडलं, हे मोजतात. या तीन मागण्यांचं आपसात अजिबात पटत नाही.

लांब पल्ल्यासाठी उचल कमी हवी, म्हणजे वळण मोठं पडतं. पाती पातळ, टोकं जड. इंग्लंडच्या हर्ब स्मिथनं या वाटेनं जाऊन १९७२ मध्ये शंभर यार्डांची हद्द ओलांडली. त्याचं बूमरँग आकड्यासारखं वळलेलं, दिसायला ओबडधोबडच. १९९९ मध्ये स्वित्झर्लंडच्या मानुएल श्युट्झनं पल्ला २३८ मीटरवर नेला.

तरंगणाऱ्या बूमरँगचं तंत्र याच्या नेमकं उलट. जर्मनीचा विली उर्बान, अमेरिकेचा टेड बेली यांनी हलकी, लांब हाताची बूमरँग घडवली. ती वर जाऊन आडवी होतात आणि स्वतःभोवती फिरत सावकाश उतरतात. एरवी हा खेळ मिनिटभरात आटोपतो. पण १९९३ मध्ये ओहायोत जॉन गोर्स्कीचं बूमरँग गरम हवेच्या झोतात सापडलं आणि सतरा मिनिटांनी खाली आलं. त्यानं ते झेललंही! यात कारागिरी किती आणि नशीब किती, यावर वाद घालायला वाव आहे.

जुनी लाकडी बूमरँग हातात घेतली तर कडेकडे बघावं. प्लायवूड कानशीनं घासत उतार दिला की आतले थर एकेक करून उघडे पडतात आणि नकाशातल्या उंचीच्या रेषांसारखे दिसतात. रेषा एकसारख्या सरकत गेल्या तर उतार जमला. एखादी मध्येच फुगली तर तिथे पुन्हा घासायचं. मोजपट्टीची गरजच नाही.

झटपट झेलण्याच्या प्रकारात मात्र लाकूड मागे पडलं. वीस मीटरपलीकडे पाच फेका, पाच झेल. इथला विक्रम पंधरा सेकंदांच्या आतला. वर्माँटच्या एरिक डार्नेलनं तीन पात्यांची प्लास्टिकची बूमरँग आणली. ती हाताला लागत नाहीत आणि मैदानातच पिळून त्यांचा कोन बदलता येतो. वारा वाढला तर खेळाडू पात्याला रबरबँड गुंडाळतात, टोकाला चिकटपट्टीनं नाणं लावतात. ऑस्ट्रेलियातले आदिवासी कारागीर लाकूड निखाऱ्यावर तापवून असंच पिळत आले आहेत, आणि तेही हेसच्या प्रबंधाच्या कितीतरी आधीपासून.